फाइल चार्जच्या तीन मेंढ्या

आमचे गुरुजी गणित शिकवायचे, पण वर्गातली मुलं त्यांनी कधी मोजली नाहीत. सकाळी दारात उभे राहायचे, खिडकीपासून भिंतीपर्यंत एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "कुंभाराची शैला न्हाई. मागचा शिंकणारा न्हाई. बाकी समदी हायेत." मग हजेरीपटात दोन फुल्या पडायच्या. नावं पुकारणं नाही, 'हजर गुरुजी' नाही.

एकदा आमच्या दौंडच्या शाळेत तपासणीला साहेब आले.

"आजची उपस्थिती किती?"

"मोजली न्हाई, साहेब. दोघं न्हाईत, एवढं ठाऊक हाय."

"गणिताचे शिक्षक ना तुम्ही?"

"म्हणून तर. पोरं म्हंजी गणित न्हवं."

साहेबांनी स्वतः उठून बोट नाचवत मोजलं. पटापेक्षा तीन कमी भरले. "तीन गैरहजर आहेत, गुरुजी!" साहेबांचा आवाज चढला. गुरुजी म्हणाले, "परत मोजा." दुसऱ्यांदा दोनच कमी भरले. पहिल्या वेळी मी बाकाखाली पेन्सिल शोधत होते. साहेब गेल्यावर गुरुजी मला म्हणाले, "त्यांनी डोकी मोजली. तुझं डोकं बाकाखाली हुतं."

गुरुजी मूळचे शिरूरकडच्या निमोणे गावचे. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढ्या होत्या, पुढं शेती आली, मग गुरुजींची नोकरी. कळपात वाढलेला माणूस मेंढ्या मोजत नाही, ओळखतो, असं ते सांगायचे आणि तो नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. मुलीच्या लग्नात आचाऱ्यानं विचारलं, "किती पानं धरू?" गुरुजी एकेक नाव सांगू लागले. आचारी बराच वेळ ऐकत बसला आणि शेवटी आपल्या अंदाजानं कढई चढवली. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी कौतुकानं विचारलं, गुरुजींनी किती विद्यार्थी घडवले? गुरुजी उठले आणि पहिल्या शाळेच्या पहिल्या बाकापासून त्यांनी सुरुवात केली. चहा थंड झाला, पाहुणे एसटी गाठायला उठले, तेव्हा गुरुजी तिसऱ्या शाळेत पोचले होते.

परक्या खुर्चीवर ते तसेच बसत नसत. खांद्यावरची घोंगडी दुहेरी घडी करून आधी खुर्चीवर टाकायचे. आणि एक उलटी खोड होती. एरवी ते निमोण्याचं बोलायचे, राग आला की मात्र शुद्ध पुस्तकी मराठी सुरू व्हायची. "आपण काय केलंत हे आपल्याला समजतं आहे का?" असं वाक्य कानावर आलं की वर्गात कुणी हलत नसे.

भागाकारातली बाकी शिकवताना ते नेहमी एकच गोष्ट सांगायचे. दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला घेतल्या आणि एखादी मेली, तर राखणदारानं मालकाला तिचा कान आणून दाखवायचा. मालकाची खूण कानावर कातरलेली असायची. कान दाखवला तर मेंढी खरंच मेली, कुणाचा दोष नाही. कान नाही, तर राखणदारानं ती विकली. "आन् विकली आसंल तर भरून द्यायची," ते म्हणायचे. "बाकी शून्य आली पाहिजे." आणि फळ्यावर एक मोठं शून्य काढायचे.

हे मी गमतीजमती म्हणून सांगत नाही. हसून बाजूला ठेवावा असा हा माणूस नव्हता. ज्या एका प्रकरणामुळे ते मला आठवतात, ते आठवलं की अजून माझ्या कानशिलात जाळ होतो. त्या जाळात मीही आहे.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील रेल्वेत कामगार, संघटनेचं काम करणारे. खाटेखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागं पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. आणि बारावी झाल्यावर मी नोकरी धरली ती एका खाजगी गृहकर्ज कंपनीच्या दौंडच्या शाखेत, अठराशे रुपये पगारावर. वडील एवढंच म्हणाले, "बघ बाई."

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती ती. घरकर्जाचे व्याजदर खाली आले होते. दहा वर्षांपूर्वी चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज काढून घर बांधलेली माणसं दौंड-शिरूरच्या गल्लीगल्लीत होती आणि आमची कंपनी त्यांनाच शोधत होती. तुमचं जुनं कर्ज आम्ही फेडतो, तेच कर्ज आमच्याकडून कमी व्याजानं घ्या, हप्ता निम्म्यावर येईल. फक्त आधी फाइल चार्ज भरायचा. त्यात तीन ओळी असायच्या: फाइलचा खर्च, कागद तपासणाऱ्या वकिलाचा खर्च, घर बघायला येणाऱ्या इंजिनिअरचा खर्च. पावतीच्या मागं फिकट शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असायचं की ही रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. पावतीच्या पुढच्या बाजूला हसरं कुटुंब. आणि दोन्हींच्या मधे, काउंटरवर, मी.

मॅनेजरसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कुणी विचारलं, 'कर्ज नाही झालं तर?' तर म्हणायचं, 'होतंच हो, काळजी करू नका.' नीट बघा या वाक्याकडं. यात खोटं एकही अक्षर नाही, म्हणून कुणाला धरता येत नाही. आणि यात खरंही काही नाही. अशी वाक्यं बनवायला पगार मिळतो आणि ती बोलायला माझ्यासारख्या मुली मिळतात.

एक दिवस गुरुजी शाखेत आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर घोंगडी टाकली, बसले, माझ्याकडं बघितलं.

"पेन्सिलवाली न्हवं का तू?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी स्वतःच्या पैशानं चहा मागवला. शिरूरला त्यांनी नोकरीत असताना कर्ज काढून दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. आता पेन्शनमधून हप्ता जात होता आणि हातात फारसं काही उरत नव्हतं. नाव, वय, पेन्शन, घर असं एकेक विचारत मी फॉर्म भरला. जागेची कागदपत्रं त्यांनी पिशवीतून काढून दिली. चार्ज होता सात हजार दोनशे. त्यांनी रुमालात बांधलेल्या नोटा काउंटरवर ठेवल्या.

"आन् कर्ज न्हाई झालं तर?"

"होतंच हो, गुरुजी. काळजी करू नका."

हे मी त्यांना म्हणाले. त्यांना.

पाच आठवड्यांनी कंपनीचं पत्र गेलं. एकच ओळ: आपली मालमत्ता कंपनीच्या निकषांत बसत नसल्याने प्रकरण नामंजूर करण्यात येत आहे. कोणते निकष, कोणती मालमत्ता, काही नाही. गुरुजी पत्र घेऊन आले. मॅनेजरसाहेबांनी पावती उलटी करून मुंगीची अक्षरं दाखवली.

"पैसे खर्च झाले, गुरुजी. फाइल झाली, वकील झाला, इंजिनिअर झाला. परत कुठून देणार?"

"खर्च झाले आसतील. मान्य हाय," गुरुजी म्हणाले. "मग कान दाखवा."

"काय दाखवा?"

"कान."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून मेंढीची गोष्ट सांगितली. साहेब हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या दिवसापासून शाखेत गुरुजींचं नाव 'कानवाले बाबा' पडलं. शिपायापासून वसुलीवाल्या पोरांपर्यंत सगळे ते नाव घ्यायचे. मीही एकदा ऐकून हसले होते. लिहायचंच आहे तर हेही लिहिलं पाहिजे.

गुरुजी दर सोमवारी आणि गुरुवारी शिरूरहून एसटीनं यायचे. चौकशीच्या रांगेत उभे राहायचे. नंबर आला की विचारायचे, "आमचा कागद दाखवता का? वकिलानं काय तपासलं, इंजिनिअरनं काय बघितलं?" साहेब म्हणायचे, "अहवाल गोपनीय असतो." गुरुजी म्हणायचे, "बरं," आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. ना आवाज, ना शिवी. दुपारी खुर्चीवर घोंगडी टाकून भाकरी खायचे. कुणी नवा माणूस फाइल चार्ज भरायला आला की त्याला विचारायचे, "पावती उलटी करून बघितली का?" माणूस पावती उलटी करायचा आणि पैसे परत खिशात घालायचा. साहेबांना हसू यायचं बंद झालं.

एकदा बसस्टँडवर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "गुरुजी, ग्राहक मंचात जाऊ. मी अर्ज लिहून देते."

"जाऊ की. पन त्याला किती दिवस लागतील? आक्काच्या दारात तीन खुंटं रिकामं हायेत."

तेव्हा मला कळलं ते पैसे कुठले होते. आक्का म्हणजे गुरुजींची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून निमोण्याला माहेरच्या जुन्या घरात एकटी राहायची. तीन मेंढ्या तिच्या स्वतःच्या होत्या: काळतोंडी, बांडी आणि मोरी. त्यांची कोकरं विकून तिचं वर्ष निघायचं. दुसरं काही नव्हतं. कंपनीची कमी व्याजाची सवलत महिनाअखेर संपणार होती, गुरुजींच्या हातात पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आक्काला सांगितलं होतं की तीन मेंढ्या विकतो, हप्ता कमी झाला की सहा महिन्यांत तीन आणून देतो. आक्का म्हणाली होती, घेऊन जा. गुरुजींच्या हिशेबात पावतीवर सात हजार दोनशे नव्हतेच. पहिल्या ओळीला काळतोंडी गेली होती, वकिलाच्या ओळीला बांडी, इंजिनिअरच्या ओळीला मोरी.

"त्या मेंढ्यांचा मी राखणदार हाय, पोरी. उद्या आक्कानं कान मागितला तर मी काय दाखवू?"

"मागितला का त्यांनी?"

"न्हाई ना. मागितला आसता तर बरं झालं आसतं."

मी पेटले. घरी जाऊन पत्रक लिहिलं. त्यात 'लुटारू' तीनदा होतं, 'भांडवली गिधाडं' दोनदा, शेवटी उद्गारचिन्हांची रांग. वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात टाकायच्या आधी गुरुजींना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, उलटं करून मागं काही आहे का बघितलं आणि विचारलं, "ह्यात काळतोंडी कुठंय?"

"म्हणजे?"

"हे पत्रक कुणाचंबी आसू शकतं. माझ्या मेंढ्या ह्यात दिसत न्हाईत. मग साहेबाला तरी कशा दिसतील?"

मला राग आला. आज वाटतं, लिहिण्याबद्दल मला कुणी सांगितलेली ती सगळ्यात खरी गोष्ट असावी. पण तेव्हा राग आला आणि रागाच्या भरात मी दुसरं काम केलं. साहेब जेवायला गेले असताना गुरुजींची फाइल कपाटातून काढली, इंजिनिअरच्या अहवालाची झेरॉक्स मारली आणि वाचली. 'दगडमातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, अंगणात विहीर.' गुरुजींचं शिरूरचं घर मी मधे एका रविवारी जाऊन बघितलं होतं. विटांच्या भिंती, स्लॅब, विहिरीचा पत्ता नाही. म्हणजे इंजिनिअर गेलाच नव्हता! टेबलावर बसून त्यानं एक घर रचलं होतं आणि त्या रचलेल्या घरापायी गुरुजींचं कर्ज नाकारलं होतं. नोकरी जाईल ही भीती होती, तरी मी तो कागद पदरात लपवून बसस्टँडवर नेला.

गुरुजींनी घडी उघडलीच नाही.

"त्यांनी दिला?"

"मी काढून आणला."

"मग परत ठिवून ये. कान राखणदारानं आणून दाखवायचा आसतो. त्याच्या पिशवीतनं आपण काढायचा नसतो."

"गुरुजी, ते चोर आहेत!"

"आसतील. म्हणून तू कशाला?"

मी घडी हातात घेऊन उभी राहिले. त्या क्षणी कंपनीपेक्षा मला गुरुजींचा जास्त संताप आला होता. आक्कांच्या दारातले खुंटे रिकामे आणि यांना स्वच्छ हातांची पडली आहे!

मग एका गुरुवारी पुण्याहून मोठे साहेब शाखा तपासायला आले. नवी प्रकरणं का आटली, असं विचारत होते. तेवढ्यात रांगेत गुरुजींचा नंबर आला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "नंतर या, बाबा." आणि मी ज्याची शाळेत असल्यापासून धास्ती घेत आले होते तो आवाज निघाला.

"आपण माझ्या पैशांचा जो विनियोग केलात, त्याचा पुरावा मी गेले अकरा आठवडे आपल्याकडे मागतो आहे. आपण तो दाखवावा, अन्यथा पैसे आपण ठेवून घेतलेत असं लेखी द्यावं."

मोठ्या साहेबांना तमाशा नको होता. "दाखवून टाका हो यांना काय ते."

फाइल उघडली. वकिलाचा अहवाल म्हणून एक कोरा छापील कागद निघाला. वर फाइल नंबर, खाली काही नाही, सहीसुद्धा नाही. फाइलचा खर्च म्हणून एक पुठ्ठ्याचं फोल्डर. मग इंजिनिअरचा अहवाल. मॅनेजरसाहेब वाचू लागले, "दगडमातीच्या भिंती. पत्र्याचं छप्पर. अंगणात विहीर, विहिरीवर रहाट…" मी आतल्या आत उसळत होते. आता गुरुजी म्हणतील, हे माझं घर नाही. आता सापडले हे.

"रहाट डाव्या अंगानं मोडलाय, आसं लिवलंय का?" गुरुजींनी विचारलं. राग गेला होता. निमोण्याचं बोलत होते.

"हो. 'रहाट नादुरुस्त'."

"हे आक्काचं घर हाय."

मोठ्या साहेबांनी अर्ज पुढं ओढला. 'घराचा पत्ता' या ओळीत निमोणे लिहिलं होतं. अक्षर माझं.

"तू विचारलंस, घर कुठं. मी म्हणलं, निमोणं," गुरुजी मला म्हणाले. "घर निमोण्यालाच की. शिरूरला नुसतं र्‍हातो."

आमच्याकडं कुणालाही विचारा, हेच सांगेल. पुण्यात तीस वर्षं राहिलेला माणूसही 'घर कुठं' म्हटल्यावर गावाचं नाव घेतो. मला हे माहीत असायला हवं होतं. पण जागेचे कागद शिरूरचे, त्याच फाइलमध्ये, दोन पानं मागं लावलेले! वकिलानं एकदा फाइल उघडली असती, मॅनेजरनं एकदा वाचली असती, तर ही चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. कुणीही काहीही वाचलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त आपापल्या ओळीचे पैसे उचलले होते.

मोठ्या साहेबांनाही ते दिसलं. ते घाईनं म्हणाले, "सगळे देऊन टाका. पूर्ण सात हजार दोनशे. विषय संपवा."

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "इंजिनिअर गेला हुता. मी सांगितलेल्या पत्त्यावर गेला हुता. ती एक मेली. दोन ओळींचं द्या."

"गुरुजी, घ्या ना!" मी काउंटरवरून ओरडले.

"एक कान दाखवलाय त्यांनी."

मोठ्या साहेबांनी आनंदानं दोन ओळींचा चेक काढला, 'तक्रार मिटली' अशा कागदावर सही घेतली आणि गुरुजींनी ती दिली. मी त्यांच्याशी बोलले नाही. मोरी त्यांची नव्हती. स्वतःच्या गोठ्यातलं खुशाल सोडावं, पण हा माणूस बहिणीच्या तोंडातला घास सचोटीच्या नावानं सोडून मोकळा झाला होता.

तरीही त्यांनी मेंढ्या घ्यायला चल म्हटल्यावर मी गेले. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात त्यांनी दोन मेंढ्या घेतल्या. दातात बघून, पाठीवर हात फिरवून, दोन तास लावून. जीपवाला म्हणाला, "गुरुजी, मेंढरांचं सीट धरावं लागंल." गुरुजी म्हणाले, "धर की. तुज्या जीपात ह्याच दोघी गप बसणाऱ्या हायेत." सगळी जीप हसली. मी नाही.

निमोण्याला आक्का दारातच होत्या. वाळलेल्या, ताठ, कपाळ कोरं. मेंढ्या खुंट्यांना बांधून झाल्यावर गुरुजी तिसऱ्या खुंट्याजवळ उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. कोरा कागद, पत्ता, रहाट, इंजिनिअर. "त्यो इथं आला हुता म्हणून मी तेवढी सोडली, आक्का. माझी चूक हाय. मी भरून देईन."

"कोन, त्यो टेपवाला?" आक्का म्हणाल्या. "आला हुता की. दोन तांबे ताक पिला. मी म्हणलं, बाबा, हे माझं घर हाय. आमच्या गुरुजीनं कर्ज काढून बांधलंय ते शिरूरला, तकडं जा. तर म्हणला, आजी, एवढ्या उनात कोन जातंय शिरूरला, हेच लिवून टाकतो."

गुरुजी खुंट्याजवळून उठले.

"आगं, मग मला बोलली का न्हाईस?"

"मला कवा विचारलंस?" आक्कांचा आवाज फुटला. "दौंडाला येरझाऱ्या घातल्या. सायबाला विचारलं, वकिलाचं विचारलं, रांगेतल्या लोकांस्नी विचारलं. मेंढ्या माझ्या, माणूस माझ्या दारात आला, माझ्या हातचं ताक पिऊन गेला. तीन महिन्यांत एकदा तरी म्हणलास, आक्का, तुझ्याकडं कोन आलं हुतं का? आन् ही शिकलेली पोर! हिनं तरी विचारलं?"

मी बघितलेलं प्रत्येक पत्रक 'बंधू-भगिनींनो' म्हणून सुरू व्हायचं. भगिनीला विचारायला मात्र कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी तिच्या नावानं रागावत होते, तिच्यासाठी चोरी करत होते, तिच्या घासावरून गुरुजींशी अबोला धरून होते आणि त्या दिवसापर्यंत मी तिचं तोंडही बघितलेलं नव्हतं.

तिसऱ्या ओळीचे पैसे मिळाले का, ते आधीच सांगून टाकते. मिळाले. महिनाभरानं, आक्कांच्या नावाच्या चेकनं. तो वटवायला त्यांना आयुष्यातलं पहिलं खातं उघडावं लागलं. मेंढ्या तोवर महागल्या होत्या, वरचे चारशे गुरुजींनी घातले. मला त्याच महिन्यात 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. गुरुजींचं कर्ज चौदा टक्क्यांनीच फिटलं, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी. कंपनीनं पावतीमागची अक्षरं बदलली नाहीत. ती आणखी बारीक झाली, एवढं मी स्वतः बघितलं आहे.

पण मला सांगायचा आहे तो सोमवार. शाखा उघडली आणि गुरुजींच्या पुढं आक्का आत आल्या. गुरुजी दाराजवळच्या बाकावर बसले. घोंगडी आज आक्कांच्या खांद्यावर होती, म्हणून बाकावर तसेच बसले. आक्का रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या, "तुमच्या टेपवाल्यानं खोटं लिवलंय. मी साक्षीदार हाय. माझ्या मोरीचं पैसं द्या."

साहेबांनी कपाटातून तो कागद काढला. "आजी, प्रकरण मिटलंय. ही बघा गुरुजींची सही."

"सही त्याची हाय. मेंढी माझी हाय."

रांगेत कुणीतरी "वा, आक्का!" म्हणालं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते दाराकडं वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही समजूतदार माणूस. तुम्ही तरी सांगा यांना."

गुरुजी बाकावरून उठले नाहीत.

"मला काय विचारता? तिला विचारा."

मी तक्रारीचा कोरा फॉर्म पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. आक्कांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"लिव, पोरी," त्या म्हणाल्या. "आन् लिवून झालं की मला वाचून दाखव."